हातघडणीची लेखणी

गेल्या खंडेनवमीस आमच्या घरीं एक लहानसा प्रकार घडला, आणि त्यावरूनच हा लेख लिहिण्याचें मनांत आलें. शस्त्रें म्हणून पूजावयास आमच्या घरीं विळी, अडकित्ता, सुतारकामाची एक जुनी पेटी आणि लेखणी एवढेंच काय तें असतें. ही मांडामांड करण्यासाठीं आमची पुतणी माळ्यावरची एक जुनी पेटी धुंडाळीत होती. तिच्या तळाशीं, धोतराच्या चिंधींत गुंडाळलेलें, आमच्या आजोबांचें फौंटनपेन तिला सांपडलें. काळें, जाडसर, अंगावर बारीक लाटांची नक्षी कोरलेली, टोपणाला पितळी क्लिप, असें तें पेन होतें. टोपणाच्या टोंकाशीं दातांच्या खुणा होत्या. आजोबा गणिताचे शिक्षक. उदाहरण अडलें म्हणजे पेनाचें टोंक दातांत धरून बसण्याची त्यांची संवय घरांतील वडील मंडळींना अजून आठवते.

पेनांतली शाई वाळून टोपण घट्ट बसलें होतें. गेलीं दहा-बारा वर्षें आम्ही एबोनाईटचीं हातघडणीचीं पेनें हौसेनें जमवीत आहों. तेव्हां हें काम आपणांवांचून दुसऱ्या कोणाचें, अशा ऐटींत आम्हीं पुढें झालों आणि तें पेन एका वाटींत कढत पाणी घेऊन त्यांत बुडवून ठेविलें. पाऊण तासानें पाहातों तों टोपण सैल झालें होतें खरें. पण पेनाचा सारा काळा रंग उतरून त्याला शेवाळलेल्या कौलासारखी मळकट, हिरवट-तपकिरी कळा आली होती. पुतणीनें वाटींत डोकावून पाहिलें आणि म्हणाली, "काका, पणजोबांचें पेन तुम्हीं उकडून काढलेंत!" त्यावर देण्यासारखें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. तें काळें पेन तसें कां झालें, हें समजून घेण्यासाठीं मग आम्हीं जें वाचलें, कारागिरांना विचारलें व स्वतः पारखलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों. हौस करावयाची तर आधीं ज्ञान मिळवावें, हा धडा आम्हांस थोडा महाग पडला; वाचकांस तो फुकट मिळावा.

एबोनाईट म्हणजे कठीण केलेलें रबर. रबराच्या झाडाचा चीक उन्हाळ्यांत चिकट होतो व थंडींत तडकतो. त्यांत गंधक मिसळून तापविल्यास त्याचा हा दोष जातो, ही गोष्ट चार्ल्स गुडइयर ह्या अमेरिकन गृहस्थाच्या ध्यानांत 1839 मध्यें आली आणि 1844 मध्यें त्यानें तिचें पेटंट घेतलें. मऊ रबरास गंधक थोडाच लागतो. तेंच प्रमाण शेंकडा 30 च्या आसपास नेलें आणि मिश्रण कांहीं तास चांगलें तापविलें, म्हणजे रबराचा लवचीकपणा जाऊन आबनूस लांकडासारखा काळा, कठीण व चकाकी घेणारा पदार्थ तयार होतो. आबनुसास इंग्रजींत एबनी म्हणतात, त्यावरून एबोनाईट हें नांव पडलें. ह्या कठीण रबराचें पेटंट चार्ल्सचा भाऊ नेल्सन गुडइयर यानें 1851 मध्यें घेतलें. पुढें फण्या, दातांच्या कवळ्या, क्लॅरिनेट वाद्याचें तोंड, विजेच्या उपकरणांतील रोधक भाग अशा नाना वस्तु ह्या पदार्थाच्या झाल्या. शाळेंत पदार्थविज्ञानाच्या तासाला लोकरीवर घांसून कागदाचे कपटे उचलून दाखविण्याची जी काळी कांडी असे, ती एबोनाईटचीच.

पेनें करणारांस हा पदार्थ फारच मानवला. तो यंत्रावर स्वच्छ कातला जातो, त्याला बारीक आटे पाडतां येतात, शाईनें तो गंजत नाहीं, आणि हातांत धरल्यावर धातूसारखा थंड लागत नाहीं. थोड्याच वेळांत हाताची ऊब घेतो. परंतु त्याच्या पोटांतला गंधक त्याचा गुण तसाच त्याचा वैरीहि आहे. उजेड आणि दमट हवा यांच्या योगानें पृष्ठभागावरील गंधकाचें हळूहळू ऑक्सिडीकरण होतें आणि वरचा थर आंतून बदलत जातो. पुष्कळदां तो बदल डोळ्यांस दिसत नाहीं. पेन काळेंच भासतें. अशा जुन्या पेनाला कढत पाणी लागलें कीं तो झांकलेला तपकिरी रंग एकदम उघडा पडतो. नव्या पेनास कोमट पाणी सोसतें, म्हणून आम्ही फसलों. सत्तर-ऐशीं वर्षांच्या पेनास थंड पाणी, तेंहि ओल्या फडक्यानें, एवढेंच चालतें.

हा रंगबदल टाळण्यासाठीं जपानी लोकांनीं केलेला उपाय नमूद करण्यासारखा आहे. तेथील नामिकी नांवाच्या, 1918 मध्यें स्थापन झालेल्या कंपनीनें पुढच्या दशकांत एबोनाईटच्या पेनांवर उरुशी नांवाच्या झाडाच्या चिकाचें रोगण चढविण्यास प्रारंभ केला. हेतु एवढाच कीं काळें पेन काळें राहावें. पण रोगण आलें म्हणजे रोगणावरची चित्रकला आलीच. आणि सोन्याच्या भुकटीनें पक्षी, लाटा व पानेंफुलें रेखाटलेलीं तीं पेनें पुढें जगभर नांवाजलीं. उणीव झांकावयास गेलें आणि कला हातीं लागली, असा हा प्रकार आहे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरीं उगम पावते, नाशिक, पैठण, नांदेड करीत तेलंगणांतून आंध्रांत शिरते आणि समुद्रास मिळण्यापूर्वीं राजमहेंद्रीचे घाट भिजविते. ह्या राजमहेंद्रीस के. व्ही. रत्नम् नांवाच्या कारागिरानें 1930 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत हातानें फौंटनपेनें घडविण्यास सुरुवात केली. तो काळ स्वदेशीचा. खादी अंगावर आली होती, पण खिशाला अडकविलेलें पेन मात्र विलायती किंवा अमेरिकन, ही विसंगति पुष्कळांस डांचत होती. रत्नम् यांनीं आपलें एक पेन कुमाराप्पा यांच्या हस्तें महात्मा गांधींकडे पाठविलें. कुमाराप्पा हे अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे चालक. आणि हा संघ 1934 च्या अखेरीस स्थापन होऊन त्याचें ठाणें आपल्या वर्ध्यास, मगनवाडींत होतें. गांधीजींनीं तें पेन वापरून पाहिलें आणि जुलै 1935 मध्यें वर्ध्याहून रत्नम् यांस पत्र लिहून आभार मानले. बाजारांत दिसणाऱ्या परदेशी पेनांऐवजीं हें चांगलें चालण्यासारखें आहे, असा अभिप्राय कळविला. म्हणजे गोदावरीच्या एका टोंकास घडलेल्या लेखणीची पावती महाराष्ट्राच्या मातींतून गेली. त्या घराण्याचा तो धंदा राजमहेंद्रीस पुढील पिढ्यांनींहि चालविला आहे.

राजमहेंद्रीसच 1946 मध्यें गायडर नांवाचा दुसरा कारखाना निघाला. हैदराबादेस डेक्कन पेन स्टोअर्स हें दुकान 1928 पासूनचें. मद्रासकडे तिरुवळ्ळूर येथें रंगा नांवाचीं पेनें एक कुटुंब पिढीजात करीत आलें आहे. शाईच्या बाबतींत आपल्या लोकांनींहि मागें राहावयाचें नाहीं असें ठरविलें होतें. दांडेकर बंधूंनीं 1931 मध्यें मुंबईस घोडा छाप शाईची भुकटी व वड्या करावयास घेतल्या आणि पुढें फौंटनपेनाची उंट छाप शाई काढली. आमच्या पिढीच्या शाळकरी बोटांवर जे निळे डाग असत, त्यांतले बरेचसे ह्या उंटाचेच. फौंटनपेनास आपल्या भाषाशुद्धीच्या कैवाऱ्यांनीं 'झरणी' असें गोड नांव दिलें होतें. परंतु तें कोशांत राहिलें आणि लोकांच्या तोंडीं पेनच बसलें.

हें पेन घडतें कसें तें पाहण्यासारखें आहे. दोन-अडीच हात लांबीची एबोनाईटची कांडी करवतीनें कापून तिचे तुकडे करतात: एक नळीसाठीं, एक टोपणासाठीं आणि एक निब बसविण्याच्या मधल्या भागासाठीं. तुकडा लेथमध्यें धरून आधीं आंतून भोंक पाडतात, मग बाहेरून कातून आकार देतात. कारागीर हत्यार हातांत धरून, फिरत्या तुकड्यावर टेंकवून कातीत असतो. मापाची यंत्रें जवळ असलीं तरी शेवटची पारख बोटाची. भट्टींत तापलेल्या गंधकाचा एक उग्र वास त्या वेळीं खोलींत पसरतो आणि सुताराच्या रंध्याच्या ढलप्यांप्रमाणें काळ्या दोऱ्यांचे भेंडोळे जमिनीवर पडतात. नंतर आटे पाडतात. ही सर्वांत नाजूक पायरी. आटे सैल पडले तर शाई गळेल, घट्ट पडले तर टोपण पिळतांना नळी तडकेल. शेवटीं पॉलिशकागदाचे एकाहून एक बारीक प्रकार पाण्यांत भिजवून फिरवितात आणि कापडी चाकावर चकाकी आणतात. एकाच मापाचीं म्हणून केलेलीं दोन पेनें घेऊन एकाचें टोपण दुसऱ्यावर लावून पाहावें. पुष्कळदां तें बसत नाहीं. ह्यास कोणी दोष म्हणेल. आम्हांस त्यांत दोन दिवसांचे दोन हात दिसतात.

पेनाचा प्राण निबेपेक्षांहि निबेखालीं असतो. तेथें शाई वाहून आणणारी जी काळी पट्टी असते, तिला फीड म्हणतात. तिच्यांत केसासारख्या बारीक खांचा असतात. शाई त्या खांचांतून निबेकडे ओढली जाते आणि जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा नळींत शिरते. ही देवघेव बिघडली कीं पेन एक तर कोरडें पडतें किंवा डाग पाडतें. 1884 मध्यें अमेरिकेंतील लुइस वॉटरमन यानें अशा खांचांच्या फीडचें पेटंट घेतलें आणि तेव्हांपासून फौंटनपेन खऱ्या अर्थानें भरंवशाचें झालें. आज बहुतेक कारखाने फीड प्लॅस्टिकचें ओतून काढतात. एबोनाईटवर मात्र शाई अधिक सहज पसरते, शिवाय तें तापवून किंचित् वांकवितां येतें. म्हणून कसबी कारागीर तें निबेच्या पोटाला बेताबातानें चिकटवून बसवितो. आपण हात हलका चालवितों कीं जड, शब्द जुळवून लिहितों कीं तोडून, हें विचारून तो शाईचा ओघ कमीजास्त करून देतो. शिंपी अंगाचें माप घेतो, तसें हें हाताचें माप म्हणावें.

अशा बहुतेक पेनांत शाई भरण्याची रीत जुनीच आहे. कांचेच्या ड्रॉपरनें नळी थेट भरावयाची. रबरी पिशवी नाहीं, खटका नाहीं, बिघडण्यासारखें कांहीं नाहीं. एकदां भरलें कीं आठ-पंधरा दिवस चिंता नको. पण ह्या साधेपणाची एक किंमत आहे, ती लपविण्यांत अर्थ नाहीं. नळींतली शाई संपत आली म्हणजे आंत हवा जास्त होते. हाताच्या उबेनें ती हवा फुगते आणि शाईचा एक टपोरा थेंब नेमका सहीच्या वेळीं कागदावर पडतो. आमच्या घरांतील एका लग्नाच्या यादीवर असा ठिपका अजून आहे. उपाय सोपा: पेन एक चतुर्थांश उरलें कीं भरून टाकावें, आणि आट्यांना सिलिकॉनचें वंगण अगदीं नखभर लावावें.

आतां संग्रहाविषयीं. आमच्या वहिनींनीं एकदां सरळ विचारलें, "भाऊजी, लिहावयास हात एकच ना? मग पेनें चौदा कशाला?" ह्या प्रश्नानें आम्ही पुष्कळ दिवस अस्वस्थ होतों. ज्या वस्तूचा जन्म साधेपणाच्या आग्रहांतून झाला, तिचेंच आपण ढीग लावावे, ह्यांत कांहीं तरी चुकतें आहे हें आम्हांस कबूल करावें लागलें. आतां आम्हीं असा नेम केला आहे कीं जें पेन वर्षांत एकदांहि शाईनें भरलें गेलें नाहीं तें घरांत ठेवावयाचें नाहीं. लिहिणाऱ्या कोणास तरी तें देऊन टाकावयाचें. चौदांचीं आतां नऊ उरलीं आहेत. त्यांत एक हिशेबाचें, एक पत्रांचें, एक जाड निबेचें मोडी गिरवावयाचें, असे त्यांचे धर्म ठरले आहेत. गेलेल्या पांचांपैकीं एक भाच्याकडे आहे. तो परीक्षेस तेंच नेतो असें ऐकतों.

दुसरा आक्षेप स्वदेशीचा. आजचे पुष्कळ कारागीर निबा जर्मनींतून आणवितात, एबोनाईटच्या कांड्याहि कित्येकदां जर्मनी-जपानकडून येतात. मग ह्या पेनांत आपलें तें काय? आमचें उत्तर एवढेंच कीं त्यांत कारागिराचें कसब आपलें आहे, आणि तें सर्वांत लवकर नाहींसें होणारें आहे. कांडी पुन्हां मागवितां येईल. आटे पाडणारा हात मागवितां येत नाहीं. लास्लो बिरो ह्या हंगेरियन गृहस्थानें 1938 मध्यें बॉलपेनाचें पेटंट घेतलें. पुढें तीं पेनें स्वस्त होऊन आपल्याकडे घरोघर पोहोंचलीं. आमच्या शाळेंत प्रथम त्यांना बंदी होती. अक्षर बिघडतें म्हणत. ती बंदी गेली आणि गांवोगांवचीं पेन दुरुस्त करणारीं लहान दुकानें एकामागून एक बंद पडलीं. जीं थोडीं घराणीं आज कातकाम करीत आहेत, त्यांचें काम हौशी गिऱ्हाइकांवर चालतें, आणि त्यांतलीं पुष्कळ गिऱ्हाइकें परदेशांत आहेत. लेथपाशीं बसून मान, डोळे आणि फुप्फुसें झिजविण्याच्या ह्या धंद्यांत मुलानें यावें असा आग्रह धरण्याचा अधिकार आपणांस नाहीं. आपल्या हातीं इतकेंच कीं मागितलेली किंमत घासाघीस न करतां द्यावी आणि दुरुस्तीलाहि पेन त्याच्याचकडे पाठवावें.

ज्यांस पहिलें पेन घ्यावयाचें असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. टोपण उघडून पुन्हां पिळून पाहावें. आटे खडखड न करतां, जोर न लावतां बसले पाहिजेत. अंगठ्यानें नळी जोरानें घांसून नाकाशीं न्यावी. गंधकाचा किंचित् वास आला तर तें एबोनाईट समजावें. पाण्यांत बुडवून नव्हे, शाईंत बुडवून आणि आपल्या नेहमींच्या कागदावर लिहून निबेची परीक्षा करावी. निब फार बारीक घेऊं नये; देवनागरीच्या गोलाईस मध्यम निब बरी पडते. घरीं आणल्यावर उन्हांत किंवा खिडकींत ठेवूं नये, चांदीच्या वस्तूंबरोबर बंद डब्यांत ठेवूं नये, कारण गंधकानें चांदी काळी पडते. आणि शाई आंत वाळूं देऊं नये. रोज चार ओळी लिहिणें हीच पेनाची उत्तम निगा.

आजोबांच्या पेनाची हकीकत अपुरी राहिली. आम्हीं तें जुन्या पेठेंतील एका वृद्ध दुरुस्तीवाल्याकडे नेलें. त्यानें भिंगांतून पाहून सांगितलें कीं वरचा थर घांसून काढला तर आंतून काळें एबोनाईट निघेल आणि पेन नव्यासारखें दिसेल. मात्र त्या थराबरोबर नक्षी बुजेल आणि टोंकावरच्या त्या खुणाहि जातील. आमची चूक पुसून निघण्याचा तो मार्ग होता, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांस त्याचा मोह झाला. घरीं येऊन विचार घेतला. धाकट्या भावाचें म्हणणें, पेन काळेंच शोभेल. आमच्या आत्याबाईंचें वय नव्वदीच्या घरांत. त्यांना दृष्टि कमी. त्यांनीं पेन हातांत घेतलें, बोट फिरवीत टोपणाच्या टोंकाशीं नेलें आणि त्या खुणांवर थांबविलें. "हे बाबांचे दात," इतकेंच त्या म्हणाल्या आणि पेन बराच वेळ हातांतून सोडलें नाहीं. पुढें कोणी घांसण्याचें नांव काढलें नाहीं.

दुरुस्तीवाल्यानें निब सरळ केली, फीडच्या खांचा मोकळ्या केल्या, आट्यांना वंगण लावून दिलें. पेन आतां लिहितें. रंग तोच मळकट, आम्ही दिलेला. दसऱ्याला पुतणीनें त्याच पेनानें वहीच्या पहिल्या पानावर सरस्वती रेखाटली आणि त्यानंतर महिन्याचा घरखर्च ती त्यानेंच लिहीत आली आहे. तिच्या हाताला तें थोडें जड पडतें, पण कुरकूर नाहीं. पेन धुवावयाचें काम मात्र तिनें आमच्याकडे अजून दिलेलें नाहीं.